शाप वयाचा नव्हता

माझ्या एका मित्रानं मागच्या वर्षी ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतलं. वय ४८. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या रांगेत एक तपासणी भेट म्हणून मिळाली होती: टेस्टोस्टेरॉन. आकडा आला २८२ आणि शेजारी खाली तोंड केलेला लाल बाण. रिपोर्ट मोबाइलवर येऊन तास झाला नसेल, तोच फोन आला. पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, सर, तुमची लेव्हल लो आहे, आमच्या तज्ज्ञांशी आजच बोलून घ्या. तज्ज्ञांशी बोलण्याआधी तो माझ्याशी बोलला. “म्हणजे आटोपलं का रे आपलं?” मी विचारलं, रक्त कधी दिलंस? “चार वाजता. पोरगा ऑफिसातच आला होता. कुणाच्या तरी वाढदिवसाची बिर्याणी खाऊन नुकताच बसलो होतो.”

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत वर असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. नुसतं ग्लुकोजचं पाणी प्यायलं तरी पुरुषाच्या रक्तातली त्याची पातळी सरासरी पाव हिस्स्यानं खाली येते. म्हणून संप्रेरकतज्ज्ञांचा नियम असा की रक्त सकाळी, उपाशीपोटी घ्यायचं आणि कमी आलं तर आणखी एका दिवशी पुन्हा घ्यायचं. एका आकड्यावर निदान करायचं नाही. मित्रानं दोन आठवड्यांनी सकाळी आठला, चहाही न घेता, पुन्हा रक्त दिलं. ४०६. या वेळी बाण नव्हता. फोनही आला नाही.

एका बिर्याणीवर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण त्या फोनमागे एक अख्खा युक्तिवाद उभा आहे आणि तो आता रील्समधून, जिममधून, रविवारच्या पुरवण्यांमधून आपल्या घरात शिरला आहे. तो असा: चाळिशी उलटली की पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन दरवर्षी एक टक्क्यानं घटतं. थकवा, सुटलेलं पोट, चिडचिड, विसरभोळेपणा, अंथरुणातली उदासीनता हे सगळं त्याचंच. बायकांची पाळी जाते, तशी ही पुरुषांची ‘पाळी’. बायकांमध्येही हे संप्रेरक घटतंच. तेव्हा मोजा आणि कमी पडलेलं भरून काढा. ऐकायला सरळ हिशेब. मला यातल्या प्रत्येक पायरीबद्दल तक्रार आहे. सगळ्यांत मोठी तक्रार आहे ती बायका एका वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात निघून जातात, त्या पायरीबद्दल.

आधी तो एक टक्का घेऊ. मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे वय आणि ‘चाळिशी’ म्हणजे चष्माही. भाषेनं हे उगाच केलेलं नाही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होतं, जवळची अक्षरं दिसेनाशी होतात. पैलवान असो की कारकून, सुटका कुणाचीच नाही. याला म्हणायचं वयाचा परिणाम. टेस्टोस्टेरॉनची घट या जातीची आहे का?

युरोपातल्या आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची मोठी पाहणी झाली. त्यात एकूण टेस्टोस्टेरॉनची घट वर्षाला जेमतेम ०.४ टक्के निघाली. प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास उतरलं. तेव्हा ‘एक टक्का’ हवेतून आलेला नाही. पण ती सरासरी आहे आणि सरासरीत निरोगी माणूस, मधुमेही, घोरणारा, दारू पिणारा, चार गोळ्या चालू असलेला असे सगळे एकाच पातेल्यात शिजतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते पातेलं वेगळं केलं. चाळिशीपुढचे ३२५ पुरुष निवडले, सगळे स्वतःची तब्येत उत्तम किंवा फार चांगली सांगणारे. तीन महिन्यांत प्रत्येकाचं रक्त नऊ वेळा घेतलं. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला: या पुरुषांत वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन घटलेलंच दिसलं नाही. पातळी खाली ओढणाऱ्या गोष्टींत वजन ठळकपणे दिसलं. वय दिसलं नाही.

उलट्या बाजूनं पाहा. युरोपातल्या त्याच पाहणीत काही वर्षांनी परत मोजणी केली, तेव्हा ज्यांचं वजन वाढलं त्यांची पातळी उतरलेली होती आणि ज्यांनी खूप वजन उतरवलं त्यांची वर आलेली होती. वय सगळ्यांचं सारखंच वाढलं होतं. शिकागोत दहा निरोगी तरुणांना एक आठवडा रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. ही पोरं चोविशी-पंचविशीची. ‘वर्षाला एक टक्का’ या हिशेबानं ती आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारी झाली म्हणायची! अमेरिकेत २००४ साली टाइप टू मधुमेहाच्या पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचं टेस्टोस्टेरॉन कमी निघालं. आपल्या देशात आज दहा कोटींवर मधुमेही आहेत. आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुरुषाचा आकडा खाली आला, तर संशय आधी कुणावर घ्यावा? जन्मतारखेवर, की पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका पाहणीत तर आणखी विचित्र गोष्ट दिसली. १९८०च्या दशकाअखेरीच्या पासष्टीच्या पुरुषांपेक्षा २०००नंतरच्या पासष्टीच्या पुरुषांची पातळी कमी. ‘टेस्टोस्टेरॉन वाचवा’ म्हणणारे हा पुरावा मोठ्या आवाजात सांगतात. पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. वय तेच, आकडा वेगळा, मग गुन्हेगार वय कसं? २००२ साली बॉस्टनचे पुरुष, काँगोतले लेसे, नेपाळमधले तामांग आणि पॅराग्वेतले आचे यांची लाळ तपासून तुलना झाली. तरुणपणी बॉस्टनवाल्यांची पातळी बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर होती. वय वाढेल तसा फरक मिटत गेला. म्हणजे ज्याला आपण ‘घट’ म्हणून घाबरतो, ती काही अंशी भरल्या ताटावर वाढलेल्या तरुणपणाची चढण उतरणं आहे. तामांग म्हातारा डोंगर चढतो, त्याला कुणी लाल बाण दाखवत नाही.

आणि प्रत्येक घट म्हणजे नुकसानच, हे तरी कुणी ठरवलं? फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात सहाशेवर तरुणांचं टेस्टोस्टेरॉन काही वर्षांच्या अंतरानं मोजलं. ज्यांचं आधी जास्त होतं, तेच पुढे नवरे आणि बाप होण्याची शक्यता जास्त होती. बाप झाल्यावर मात्र त्यांचंच सर्वांत जास्त उतरलं. पोराला सांभाळण्यात जे रोज तासन् तास घालवत, त्यांचं आणखी कमी. शरीर तिथे बिघडलेलं नव्हतं, कामाची पाळी बदलली होती.

ययातीची गोष्ट आपण चुकीची लक्षात ठेवतो. आपल्याला वाटतं, म्हातारा राजा तारुण्य मागत होता. पण ययातीला जरा वयानं आली नव्हती. देवयानीशी लग्न करून शर्मिष्ठेकडे चोरून जाणं उघडकीला आलं, तेव्हा शुक्राचार्यांनी शाप दिला आणि तो एका क्षणात म्हातारा झाला. कारण होतं, कर्ता होता, तारीखसुद्धा सांगता आली असती. पण ययातीनं कारणाशी वाद घातला नाही, मुलांकडे तारुण्य उसनं मागितलं आणि पुरूनं ते दिलं. पोट, अपुरी झोप, साखर, दारू, काही औषधं, मनातली खिन्नता हे आपले शुक्राचार्य. त्यांना बाजूला ठेवून वयाला दोष द्यायचा आणि इंजेक्शनातून पुरूचं तारुण्य मागायचं, हा आजचा ययातिपणा.

दुसरी पायरी: थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा हे ‘लो टी’चं, म्हणजे कमी टेस्टोस्टेरॉनचं. वर सांगितलेल्या युरोपीय पाहणीत पुरुषांना ३२ तक्रारी विचारल्या. टेस्टोस्टेरॉन कमी असण्याशी एकत्र जुळल्या फक्त तीन, तिन्ही लैंगिक: पहाटेचा ताठरपणा कमी होणं, इच्छा ओसरणं आणि संभोगावेळी ताठरता न येणं. या तीन तक्रारी आणि खरोखर कमी पातळी, दोन्ही असलेले पुरुष निघाले २.१ टक्के. सत्तरीपुढच्यांत पाच टक्के. आणि चाळीस ते एकोणपन्नास या माझ्या मित्राच्या गटात ०.१ टक्का. हजारात एक. ज्या आजाराचा फोन त्याला आला, तो त्याच्या वयाच्या हजार पुरुषांत एकाला असतो.

मग बाकीच्यांना तो आहे असं का वाटतं? कारण तसं विचारलं जातं. जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एक यादी आहे. इच्छा कमी झाली का, दम कमी पडतो का, उंची कमी झाली का, उदास किंवा चिडचिडे झालात का, जेवणानंतर झोप लागते का. अमेरिकेतले वार्धक्यतज्ज्ञ जॉन मॉर्ले यांनी एका औषध कंपनीसाठी ती तयार केली. २०१३ साली त्यांनी स्वतःच एका वृत्तपत्राला सांगितलं की त्यांनी ती वीस मिनिटांत, संडासात बसून, तिथल्याच कागदावर खरडली होती. जेवणानंतर झोप लागते का! या निकषानं भर दुपारी वामकुक्षी घेणारा आपला अख्खा समाज रुग्णालयात भरती करावा लागेल. तक्रारी खोट्या नाहीत. थकलेला माणूस खरंच थकलेला असतो. पण तो थकवा लोकलमधल्या तीन तासांचा, रक्तक्षयाचा, थायरॉइडचा, नैराश्याचा किंवा रात्री घोरताना तुटणाऱ्या श्वासाचा असू शकतो. त्या सगळ्यांवर एकच शिक्का मारला की मूळ आजार मोकळा सुटतो.

हे विकणं नवं नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वत्सभेत जाहीर केलं की ताकद परत आली, जिने धावत चढतो. शंभराहून अधिक वर्षांनी ऑस्ट्रेलियात त्याच कृतीनं अर्क बनवून तपासला, तर त्यात काही परिणाम व्हावा इतकं टेस्टोस्टेरॉनच नव्हतं. जिने चढवले ते विश्वासानं. पुढे व्हिएन्नाचे स्टाइनाख आले. शुक्रवाहिनी बांधली की ग्रंथीची शक्ती आत वळते आणि तारुण्य परततं, असं ते सांगत. १९२३ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी, १९३४ साली कवी येट्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय? शुक्रवाहिनी बांधणं. आपल्याकडे तिला नसबंदी म्हणतात. व्हिएन्नातले श्रीमंत जे पैसे मोजून ‘तरुण होण्यासाठी’ करून घेत होते, त्याच शस्त्रक्रियेपासून आणीबाणीत आपल्याकडचे पुरुष ‘मर्दानगी जाईल’ म्हणून शेतात लपत होते. शरीरात दोन्हीकडे तेच घडत होतं, म्हणजे यांतलं काहीच घडत नव्हतं. मर्दानगीच्या बाजारात मालापेक्षा भीती आणि आशा जास्त खपते, याचा इतका चोख पुरावा दुसरा नाही.

टेस्टोस्टेरॉन हा रेणू १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून वेगळा केला गेला, त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाला. १९३९ साली बुटेनांट आणि रुझिच्का यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हापासून माल खरा आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षाही खरी घेता येते. अशा दोन परीक्षांचे निकाल सांगतो.

पहिली २०१६ची, अमेरिकेतली. पासष्टीपुढचे, खरोखर कमी पातळीचे ७९० पुरुष. हे ७९० मिळवण्यासाठी ५१,०८५ जणांची चाळणी करावी लागली. ‘घराघरात’ असलेला आजार शोधायला एवढी मोठी चाळणी का लागली, हे ज्यानं त्यानं मनाशी विचारावं. वर्षभर जेल लावल्यावर लैंगिक इच्छा आणि क्षमता थोडी सुधारली, मनःस्थिती किंचित सुधारली, हाडांची घनता वाढली, रक्तक्षय असलेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. जोम मात्र ठरवलेल्या मापावर वाढला नाही. स्मरणशक्ती हलली नाही.

दुसरी २०२३ची. पाच हजारांवर पुरुष, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, न घेणाऱ्यांत ७.३. ही दिलासा देणारी बातमी आहे आणि मी ती दडवणार नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणं, हे तिन्ही औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. पुढच्या वर्षी हाडांचा हिशेब आला: घनता वाढवणाऱ्या औषधानं हाडं कमी मोडायला हवी होती, ती जास्त मोडली. ३.५ टक्के विरुद्ध २.५. रक्तातला आकडा दुरुस्त करणं आणि माणूस दुरुस्त करणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगायचं?

प्रतिपक्षाकडे एक चांगला पुरावा आहे, तोही मांडतो. ऑस्ट्रेलियात मोठं पोट आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरची किंवा नुकताच तो ओलांडलेली साखर असलेल्या १,००७ पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात घातलं. अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, अर्ध्यांना खोटी. दोन वर्षांनी मधुमेह असलेले खोट्या गटात २१ टक्के, खऱ्यात १२. फरक मोठा आहे. पण खऱ्या इंजेक्शनांच्या गटातल्या पाचातल्या एकाहून जास्त पुरुषांचं रक्त धोक्याच्या रेषेपलीकडे घट्ट झालं. दुसऱ्या गटात असे एकच टक्का. शिवाय हे पुरुष ‘पौरुष’ विकत घ्यायला आलेले नव्हते, दोन वर्षं देखरेखीखाली होते. यातून पुढे काही उपचार निघेल तर आनंदच आहे. पण फोनवरच्या मुलीला या निकालाचा आधार घेता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तिनं सांगायलाच हवी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, कोठार भरलं. मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणं थांबवते. स्वतःचं उत्पादन बंद पडतं, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन तपासलं होतं ते कशासाठी? पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून. आणि निम्म्याहून जास्त पुरुषांत ते पुरेपूर लागू पडलं. आज जिममध्ये तिशीतली पोरं याच जातीची इंजेक्शनं मर्दानगीसाठी घेतात आणि दोन वर्षांनी बायकोला घेऊन वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे बसतात. बहुतेकांचं काही महिन्यांनी परत येतं. सगळ्यांचं येईलच याची हमी कुणी देत नाही.

‘गुप्तरोग, मर्दाना कमजोरी, मिलें या लिखें’ अशा रेल्वेकडेच्या भिंती आपण हसण्यावारी नेल्या. १९५४चा कायदा लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करूच देत नाही. आता भिंत गेली, ॲप आलं. शब्दही बदलले: ‘व्हायटॅलिटी’, ‘टी-बूस्टर’, ‘ऑप्टिमायझेशन’. चरकसंहितेत वाजीकरणाचा स्वतंत्र अध्याय आहे, हेही हल्ली प्रत्येक डबीवर छापलेलं असतं. त्याच अध्यायात सोळाच्या आत आणि सत्तरीच्या पुढे या वाटेला जाऊ नये असंही सांगितलं आहे, ते छापलेलं नसतं.

आता शेवटची पायरी. ‘पुरुषांची पाळी जाणं.’ बायकांची पाळी जाते तेव्हा अंडाशयांतला बीजसाठा संपतो, काही वर्षांत इस्ट्रोजेन कोसळतं आणि हे प्रत्येकीत घडतं. पुरुषात असा कडा नाही. निरोगी पुरुषात तर उतारही नीट दिसत नाही, हे वर पाहिलं. ही उपमा पुरुषांविषयी खोटं सांगते, पण तिचं खरं नुकसान बायकांना होतं, कारण ‘बायकांचंही घटतं’ एवढं म्हणून ती पुढे जाते.

बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतं हेच पुष्कळांना नवीन वाटेल. पुरुषाच्या मानानं दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकंच, पण असतं. साधारण पाव हिस्सा अंडाशयांतून येतो, पाव मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून, उरलेला चरबीत आणि इतर ठिकाणी कच्च्या मालातून घडतो. त्याची घट बायकांत खरोखर मोठी आहे, पण ती पाळी जाण्याच्या वेळी नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियात १,४२३ बायकांची तपासणी झाली. त्यात दिसलं की विशीपासून चाळिशीपर्यंत पातळी झपाट्यानं उतरते, चाळिशीत ती विशीतल्या साधारण निम्मी असते आणि पाळी गेल्यामुळे म्हणून वेगळी घसरण होत नाही. पाळी गेल्यावरही अंडाशयं थोडंफार टेस्टोस्टेरॉन बनवत राहतात. नंतरच्या पाहण्यांत सत्तरीपुढच्या बायकांत ते पुन्हा चढलेलंही आढळलं. म्हणजे वयाची सरळ उतरती रेघ इथेही नाही. कडा कोसळतो तो एकाच प्रसंगी: अंडाशयं काढून टाकली तर. मग टेस्टोस्टेरॉन एकदम निम्म्यावर येतं आणि इस्ट्रोजेनही जातं. हे वय करत नाही. सुरी करते.

आणि ही सुरी आपल्याकडे किती सहज चालते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मराठवाड्यात बाया म्हणतात, ‘पिशवी काढली.’ २०१९ साली विधिमंडळात आकडा आला: एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या सगळ्या ऊसतोड कामगार नव्हत्या, पण वादळ उठलं ते त्यांच्यावरून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून वळते. फडात ना संडास ना पाणी. पाळीच्या दिवसांत किंवा अंगावरून जात असताना मोळ्या वाहायच्या. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. यांतल्या कितीतरी तिशीतल्या आणि त्याच्याही आतल्या. काहींची पिशवीबरोबर अंडाशयंही गेली.

अंडाशयं गेल्यावर जे उरतं ते नीट वाचा: थकवा, झोप न लागणं, अंगाची लाही, इच्छा मरून जाणं, हाडं दुखणं. पुरुषांना विकल्या जाणाऱ्या ‘लो टी’च्या तक्रारींची यादी समोर ठेवा आणि ही यादी ठेवा. सारखीच दिसेल. फरक इतकाच की एका यादीमागे बहुतेक वेळा संप्रेरकाचा हात नसतो, दुसरीमागे ते खरोखर गेलेलं असतं. तरी बाजार पहिल्या यादीला फोन करतो. दुसरीला सांगतात, बाईमाणूस म्हटलं की होतंच.

हे फक्त बीडचं नाही. अंडाशयं काढलेल्या बायकांसाठी टेस्टोस्टेरॉनची एक पट्टी तयार झाली होती. अमेरिकेच्या सल्लागार समितीनं २००४ साली ती नाकारली, कारण दीर्घकाळाच्या सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या मोठ्या चाचणीनं जगाला हादरवलं होतं, तेव्हा ही सावधगिरी मला समजते. युरोपनं २००६ साली पट्टी मंजूर केली, पण २०१२ साली ती व्यावसायिक कारणांनी मागे घेतली गेली. म्हणजे खपली नाही. त्याच सुमारास अमेरिकेत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांची संख्या २०१०मधल्या १३ लाखांवरून २०१३पर्यंत २३ लाखांवर गेली होती. बायकांसाठी पुरावा मागितला गेला, ते योग्यच होतं. पुरुषांसाठी तितक्याच कडकपणे का मागितला नाही, हा माझा प्रश्न आहे. हृदयाची ती मोठी चाचणी आली २०२३ साली, लाखो पुरुषांनी जेल चोपडून झाल्यावर.

बायकांनाही आता हेच विकायला सुरुवात झाली आहे, ‘ऊर्जेसाठी’, ‘मेंदूवरचं धुकं जाण्यासाठी’. तिथेही माझं उत्तर तेच. २०१९ साली अनेक देशांच्या वैद्यक संघटनांनी मिळून निवेदन काढलं: पाळी गेलेल्या बाईची इच्छा मरून गेली असेल आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होत असेल, तर बायकांच्या प्रमाणातलं टेस्टोस्टेरॉन द्यायला पुरावा आहे. बाकी कशासाठीच नाही. निदान तिच्याशी बोलून करायचं, रक्ताच्या आकड्यावरून नाही, कारण बाईत कमी आकडा म्हणजे आजार असं दाखवणारी रेषाच सापडलेली नाही. ऑस्ट्रेलियानं २०२० साली बायकांसाठी खास मलम मंजूर केलं. पुरुषांची जेल अंदाजानं लावली तर दाढीचे केस आणि मुरुमं येतात आणि घोगरा झालेला आवाज परत बारीक होईलच असं नाही.

“मग काय सोसत बसायचं?” असं मला विचारलं जातं. नाही. ज्याची वृषणं जन्मापासून नीट काम करत नाहीत, ज्याला पिट्युटरीची गाठ आहे, ज्याची वृषणं गालगुंडांनी किंवा केमोथेरपीनं निकामी झाली, त्याला हे औषध म्हणजे आयुष्य आहे. त्यानं ते घ्यावं, लाजू नये. उतारवयातल्या ज्याच्या लैंगिक तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन सकाळचे आकडे खरोखर खाली आहेत, त्यानंही डॉक्टरांशी बोलून, धोके समजून ते घ्यावं. वर्षभरात फरक पडला नाही तर सोडावं. माझा विरोध औषधाला नाही. औषध गरजवंताला चुकवून गिऱ्हाइकाकडे जातं, त्याला आहे.

म्हणून मागणी दोनच. पुरुषाच्या रिपोर्टवर लाल बाण छापायचा असेल तर शेजारी रक्त किती वाजता, उपाशी की जेवून घेतलं, हे छापा. आणि पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईच्या हातात घरी जाताना जो कागद देता, त्यावर मराठीत, तिला वाचता येईल अशा अक्षरांत एक ओळ लिहा: अंडाशयं ठेवली की काढली. आज तिला विचारलं तर पुष्कळदा तिला ते सांगता येत नाही. तिच्या शरीरातून काय गेलं हे तिला माहीत नाही आणि माझ्या मित्राला मात्र न गेलेल्या गोष्टीचा फोन तासाभरात आला.